आंधीचा फोटो

टाकीच्या तड्यांतून उगवलेले पिंपळ उपटणे
हे माझ्या कामातच येते.
ग्रामपंचायतीचा पंप चालू-बंद करणारा माणूस मी,
वर्षातून दोनदा विळा घेऊन टाकीवर चढतो.
एकदा एकाचे मूळ निघता निघेना.
निघाले तेव्हा मुठीएवढी गाठ हातात आली,
म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखी.
फेकवली नाही.

घरात पिंपळ नको, बायको म्हणाली.
म्हणून तो पंपघरात,
फुटक्या रांजणाच्या बुडात,
आणि फांद्यांना वळण द्यायला
दारव्ह्याच्या डोमाजीकडून आणलेली
जळक्या मोटारींची तांब्याची तार.

पहिल्या दोन वर्षांचा एकही फोटो नाही.
म्हणजे आहेत, पण सगळे मंगचे.
कात्री चालायची, पाने पडायची,
बोटांना चीक चिकटायचा,
मग दोन पावले मागे सरून बघताना
खिशातला मोबाइल आठवायचा.
आंधी काय होते
ते जमिनीवर पडलेले असायचे,
शेळी खात असायची.

यामिनी तेव्हा तिसरीत.
तिला कामाला लावले:
माझ्या हातात कात्री दिसली की ओरडायचे, फोटो!
ती शाळेतून येता येता रस्त्यावरूनच ओरडायची.
एकदा मी नुसता पाना घेऊन
गळका व्हॉल्व्ह आवळत बसलो होतो,
तरी ओरडली.

झाडामागे पाइपांची गुंतवळ दिसे.
म्हणून तिनेच चादर आणली,
पांढरी, कोपऱ्यात दवाखान्याचा निळा शिक्का
(कुठून आली ते विचारू नका).
स्टुलावर झाड, झाडामागे चादर,
चादरीमागे दोन्ही हात ताणून ती
श्वास रोखून उभी,
झाडाचा फोटो हलू नये म्हणून.

आता रात्री लाइन गेली की
ते सगळे फोटो एकामागून एक सरकवतो.
वाटले होते, झाड कळेल.
खोड किती भरले, तार कुठे रुतली,
कोणत्या चैत्रात डावी फांदी गेली.
झाड आहे तेवढेच. वीतभर.

पहिल्या फोटोत चादरीच्या काठावर आठ बोटे.
पुढे त्यांतल्या एकाला चिंधी बांधलेली.
मग भांग. मग कपाळ, टिकली.
मग डोळे, मग कंटाळलेले तोंड,
आणि दहावीच्या उन्हाळ्यात
गळ्यापासून वर सगळी तीच,
भलतीकडेच कुठेतरी बघणारी,
झाड तिच्या पोटाशी.

फोकस मी झाडावर ठेवायचो.
सगळ्या फोटोंत ती अंधुक आहे.

आता ती अमरावतीला, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.
चादर तारेवर दोन चिमट्यांनी लावतो,
वारा आला की पोट काढते.
आणि मी परत पहिल्यासारखा विसरतो.

काल दुपारी फोन आला.
काय करून रायले जी?
काही नाही.
कात्रीचा आवाज येऊन रायला. आंधीचा काढला काय?
हो.
धाडा बरं.

उजवी फांदी पायाशी पडली होती.
उचलली. चीक अजून ओला होता.
छाटल्या जागी टेकवली,
डाव्या हाताच्या दोन बोटांनी धरली,
उजव्याने फोटो काढला, पाठवला.
दोन निळ्या खुणा.
बराच वेळ नुसत्या खुणाच.

मग:
बाबा, बोट दिसून रायलं.

मोठा करून पाहिला.
खरेच की.
नखातली मातीसुद्धा स्पष्ट,
झाडच मागे धूसर.
आणि डाव्या हाताने ती फांदी
मी अजून तशीच धरून होतो.